तो फॉर्म आम्हीच भरला होता

पाटसला सोलापूर रोडवर एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये आमचे नाना रात्री नऊ ते सकाळी सहा वॉचमन म्हणून बसतात. हातात बॅटरी, पायाशी काठी, थंडीत डोक्याला मफलर. ट्रक आला की उठायचे, जागा दाखवायची आणि पुन्हा येऊन बसायचे. वय ६४.

लोक आम्हाला तोंडावर विचारतात, "दोन-दोन पोरं कमावती असताना बापाला रात्रपाळीला कशाला बसवता?" आम्ही दोघे भाऊ ठरलेले उत्तर देतो, "नाना ऐकत नाहीत." ते खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे असे, की नानांना महिन्याच्या एक तारखेला आपल्या हक्काचे चार पैसे हवेत, पोरांपुढे हात पसरायचा नाही, आणि ते हक्काचे पैसे कायमचे बंद होण्याच्या कागदावर आमचे अक्षर आहे. ही गोष्ट आम्ही बरीच वर्षे वस्तीत कोणाला सांगितली नव्हती. आज सांगतो, कारण तोच कागद आजही कुरकुंभपासून रांजणगावपर्यंत रोज कोणी ना कोणी भरत असणार.

नाना १९९७ साली कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागले. वय ३६. त्याआधी वीटभट्टी, विहिरीची कामे, उसाच्या गाड्या भरणे, जे मिळेल ते. कारखान्यात लागले तेव्हा घरात पेढे वाटले होते, कारण "फंड कापतात" ही आमच्या वस्तीत मोठी गोष्ट होती. २०१९ पर्यंत २२ वर्षे त्यांनी त्याच गेटमधून आत जाऊन तीच पिंपे ढकलली. गेट एक, काम एक, सुपरवायझरही बराच काळ एकच. बदलत गेला तो फक्त कंत्राटदार. १९९७ ते २००३ पहिला, २००८ पर्यंत दुसरा, २०१४ पर्यंत तिसरा आणि शेवटी चौथा.

कंत्राटदार बदलला की दर वेळी त्याचा माणूस यायचा आणि सांगायचा, "जुने खाते बंद झाले, पैसे काढून घ्या, नवीन नंबर मिळेल." पहिल्या दोन वेळी त्याच माणसाने फॉर्म भरले आणि नानांनी सही केली. नाना चौथीपर्यंत शिकलेले. सही येते, कागद वाचता येत नाही.

तिसऱ्या वेळी, २०१४ च्या उन्हाळ्यात, घरात शिकलेली पोरे होती. थोरला आयटीआय झालेला, धाकटा दौंडला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. घराच्या स्लॅबचे काम निघाले होते. थोरल्याने फॉर्म आणले, धाकट्याने भरले. फॉर्म १९ म्हणजे पीएफची रक्कम काढण्याचा आणि फॉर्म १०-सी म्हणजे पेन्शन खात्यातली रक्कम काढण्याचा. अक्षर सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. पेन्शन खात्याचे तीसेक हजार आले. स्लॅब पडला. आजही आम्ही त्याच स्लॅबखाली झोपतो.

२०१९ साली नानांना ५८ वर्षे पूर्ण झाली. आम्ही शटलने पुण्याला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे संगणक पाहिला आणि म्हणाल्या, "सेवा पाच वर्षे दिसते. पेन्शनला किमान दहा लागतात." आम्ही म्हणालो, "बाई, बावीस वर्षे झालीत." त्या म्हणाल्या, "आधीची तुम्ही काढून घेतली ना." त्यांचे काहीच चुकले नव्हते. येताना नाना खिडकीबाहेर बघत होते. केडगाव गेल्यावर एवढेच म्हणाले, "मग त्या फॉर्मात काय लिहिलेलं होतं?" आमच्याकडे उत्तर होते, पण तोंडातून निघाले नाही.

आता हिशेब मांडतो, कारण नुसत्या हळहळीने कोणाचे भले होत नाही.

कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. आपल्या पगारातून १२ टक्के कापले जातात ते सगळे पीएफमध्ये जातात. मालकही १२ टक्के भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात वळते होतात. म्हणजे एका कामगाराची दोन खाती असतात, आणि बहुतेक कामगारांना एकच माहीत असते. पेन्शनचे सूत्र सोपे आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. दहा वर्षे भरली की ५८ व्या वर्षापासून आयुष्यभर पेन्शन आणि माणसामागे बायकोला पेन्शन. वीस वर्षे भरली तर दोन वर्षे जास्तीची धरतात. दहाच्या आत नोकरी सुटली तर दोन रस्ते असतात. एक, पैसे काढून घ्या आणि ती वर्षे पुसून टाका. दुसरा, त्याच १०-सी फॉर्मवर योजना प्रमाणपत्र मागा आणि ती वर्षे पुढच्या नोकरीला जोडा. फॉर्म तोच असतो. पैसे हवेत की प्रमाणपत्र, एवढाच फरक. तिथे आम्ही पैसे निवडले.

२२ वर्षे तशीच ठेवली असती तर, २०१४ पूर्वीच्या सेवेला पगाराची मर्यादा कमी धरूनही, नानांना ढोबळमानाने महिन्याला दोन हजारांच्या वर पेन्शन बसली असती. ते जाऊ द्या, पहिल्या दोन फॉर्मचा दोष आमचा नव्हता. पण आम्ही भरलेला तिसरा फॉर्म भरला नसता तर? २००८ ते २०१४ ची सहा आणि पुढची पाच, अकरा वर्षे झाली असती. दहाचा उंबरठा ओलांडला असता. महिन्याला बाराशेच्या आसपास पेन्शन बसली असती आणि नानांच्या मागे आईला किमान हजार. दोन शिकलेल्या पोरांनी तीस हजारांसाठी आईबापाची जन्माची पेन्शन विकली. वर गंमत अशी, की स्लॅबसाठी पेन्शनला हात लावायची गरजच नव्हती. सदस्यत्वाची पाच वर्षे झाली की घरासाठी पीएफमधून आगाऊ रक्कम घेता येते, हा नियम तेव्हा होता. आम्हाला तो कोणी सांगितला नाही आणि आम्ही कोणाला विचारला नाही.

आता कोणी म्हणेल, ही तुमच्या घरातली चूक, त्यात व्यवस्थेचा काय संबंध? संबंध आहे, आणि तोच या लेखाचा विषय आहे.

आमच्या शेजारी रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले एक काका राहतात. दौंड जंक्शनने आमच्या समाजातल्या अनेक घरांना भाकरी दिली. काकाही नानांइतकेच शिकलेले. पण निवृत्तीच्या कितीतरी महिने आधी त्यांना ऑफिसात बोलावून कागद तपासले गेले, काकूंसोबतचा फोटो मागितला गेला, बँक खाते विचारले गेले, आणि शेवटच्या दिवशी हारासोबत हिशेबाचा कागद हातात पडला. काका नानांपेक्षा हुशार होते म्हणून हे झाले का? नाही. तिथे हे सांगणे ऑफिसचे काम होते. नानांच्या बाबतीत ते कोणाचेच काम नव्हते. मोठ्या कंपन्यांतही साहेब लोकांसाठी निवृत्तीपूर्व शिबिरे होतात. गुंतवणूक कशी करावी, रक्तदाब कसा सांभाळावा, रिकामा वेळ कसा घालवावा यावर तज्ज्ञ बोलतात, वर जेवण असते. त्याच कंपनीच्या मागच्या गेटने येणाऱ्या कंत्राटी माणसाला त्याच्या खात्याचा नंबरही कोणी सांगत नाही. पुढच्या गेटने कोण जाते आणि मागच्या गेटने कोण, हे आमच्या वाचकांनी आपल्या डोळ्यांनी बघावे. आमच्या वस्तीतून कुरकुंभला जाणाऱ्या जीपमध्ये बसणारे जवळपास सगळे मागच्या गेटचे असतात.

बाबासाहेबांनी १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण हे वाक्य जयंतीच्या भाषणात टाळ्यांसाठी वापरतो. पण ब्राह्मणशाही म्हणजे ज्ञान काहींच्याच हाती ठेवणे असेल, तर पीएफचा नियम कंत्राटदाराच्या माणसाला माहीत असणे आणि ज्याचे पैसे आहेत त्याला माहीत नसणे, ही त्याच रोगाची आजची खूण नाही का? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल त्याच काळात, १९४४ साली आला आणि त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा झाला. संविधानाच्या ४१ व्या कलमात म्हातारपण आणि आजारपणात सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क लिहिला गेला. म्हणजे म्हातारपण ही पोरांच्या दयेवर सोडायची गोष्ट नाही, ती राज्याची आणि समाजाची जबाबदारी आहे, हा विचार या देशाच्या मूळ कागदात आहे. पण वरच्या कागदातला हक्क खालच्या कागदात उतरवायला कोणीतरी शिकवावे लागते.

तशी सोय नव्हती असेही नाही. कामगार शिक्षणासाठी केंद्र सरकारने १९५८ सालीच मंडळ स्थापन केले, त्याचे मुख्यालय आपल्या नागपुरात होते. भविष्य निर्वाह निधी संघटना दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर घेते. पण नानांसारख्या माणसाने २७ तारखेला खाडा टाकून शिबिराला जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून आमचे म्हणणे असे, की हे शिक्षण कामाच्या जागी, कामाच्या वेळेत, पगारी तासात आणि मराठी-हिंदीत झाले पाहिजे. कारखान्यात सुरक्षेचे प्रशिक्षण देतात ना, हेल्मेट कसे घालायचे, गॅस सुटला तर कुठे पळायचे? तसेच हेही द्या. म्हातारपणही एक अपघातच आहे, फरक एवढाच की त्याची तारीख आधी माहीत असते.

कंत्राटदार म्हणतात, "माणसं बदलत राहतात, आम्ही कुणाकुणाचे खाते सांभाळायचे?" यावर महाराष्ट्राने ५० वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. १९६९ चा माथाडी कायदा बघा. हमालाचा मालक रोज बदलतो, कधी दिवसातून दोनदा बदलतो. तरी मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळात जमा होते आणि पीएफ, ग्रॅच्युइटीचे खाते एकच राहते. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमालांना संघटित करून हे शक्य करून दाखवले. मग एकाच गेटमधून २२ वर्षे जाणाऱ्या माणसाचे खाते तीन वेळा का तुटते? शिवाय कंत्राटी कामगाराचा पीएफ भरला जातो की नाही याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावरही आहे. ती फक्त पैसे भरण्यापुरती नसावी, समजावून सांगण्याचीही असावी, ही आमची मागणी.

आमच्या चळवळीतले काही मित्र यावर चिडतात. म्हणतात, "कंत्राटी पद्धतच मोडायची सोडून तुम्ही फॉर्म भरायला काय शिकवता?" आम्ही त्यांना मानतो, पण पटत नाही. पद्धत मोडायची लढाई चालूच राहील. ती जिंकेपर्यंत जी माणसे ५८ ची होत आहेत त्यांनी काय करायचे? दुसरे म्हणतात, "हजार-बाराशे रुपयांत येते काय?" हे खरे आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये आहे, ती थट्टाच आहे. बुलढाण्यात पेन्शनर मंडळी ७,५०० रुपये आणि महागाई भत्त्यासाठी वर्षानुवर्षे साखळी उपोषण करत आली. पण ते उपोषणाला बसू शकतात, कारण ते पेन्शनर आहेत. उद्या किमान पेन्शन वाढली तरी नानांना रुपया मिळणार नाही. जो यादीतच नाही त्याची वाढ कशी होणार? तिसरा आक्षेप कामगारांचाच असतो, "पैसा आज लागतो, म्हातारपण कोणी पाहिलंय?" याला आमच्याकडे सोपे उत्तर नाही. मुलीचे लग्न, दवाखाना, सावकार समोर उभा असताना दहा वर्षांनंतरचे सांगणारा माणूस शत्रू वाटतो. म्हणून आम्ही एवढेच सांगतो, पीएफमधून गरजेपुरते काढा, पण पेन्शनच्या खात्याला हात लावू नका.

उसाच्या फडातल्या माणसांचे तर वेगळेच आहे. पाटसच्या शिवारात हंगामात बीड-नगरकडून टोळ्या येतात. त्यांना उचल देतो मुकादम, ऊस जातो कारखान्याला, आणि म्हातारपणाचा प्रश्न आला की मालक कोण हेच ठरत नाही. असंघटितांसाठी २०१९ साली आलेल्या श्रमयोगी मानधन योजनेत १८ ते ४० वयातच नाव घालता येते. महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरते आणि ६० व्या वर्षी ३,००० पेन्शन. पण पंचविशीतल्या कोयत्याला हे फडावर जाऊन कोणी सांगत नाही आणि पंचेचाळिशीतल्या बाईला सांगून उपयोग नाही. कंबर पन्नाशीच्या आत जाते आणि श्रावणबाळचे दीड हजार ६५ नंतर. मधली पंधरा वर्षे तिने काय खायचे? याउलट कारखान्याच्या आतल्या हंगामी कामगाराचा एक हंगाम पेन्शनच्या हिशेबात पूर्ण वर्ष धरला जातो, तेही अनेकांना ठाऊक नाही. "आमचे पाचच महिने असतात, आम्हाला कसली पेन्शन" म्हणून ते १०-सी भरून मोकळे होतात.

२०२१ पासून आम्ही वस्तीतल्या विहारात महिन्याच्या पहिल्या रविवारी बसतो. सुरुवात नानांच्याच कागदापासून झाली. शेवटच्या कंत्राटदाराकडे पाच वर्षांची ग्रॅच्युइटी राहिली होती. शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षे, असा हिशेब करून लेखी अर्ज दिला. उशीर झाला म्हणून हा हक्क आपोआप मरत नाही, हे तोवर आम्ही वाचले होते. दोन महिने हेलपाटे घातल्यावर सव्वीस हजारांच्या आसपास मिळाले. आधीच्या तिघांचा पत्ताही उरला नव्हता.

रविवारी आम्ही फार काही करत नाही. मोबाईलवर प्रत्येकाचे पासबुक उघडतो. दोन-तीन नंबर असतील तर जुनी सेवा नव्याला जोडण्याचा अर्ज करतो. वारस नोंदवतो. जन्मतारीख बघतो, कारण शाळेत गुरुजींनी सगळ्यांचा जन्म १ जूनला लिहिला आणि आधारवर सगळे १ जानेवारीला जन्मले. दाखल्यावर एक आडनाव आणि आधारवर दुसरे, हे तर आपल्या समाजात घरोघरी. पन्नाशीत हे दुरुस्त करायला वेळ असतो, ५८ व्या वर्षी चूल थांबलेली असते. ईएसआयचे कार्ड असणाऱ्याला सांगतो, पाच वर्षे विमापात्र नोकरी करून वयोमानाने निवृत्त झालात तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायकोचा दवाखाना पुढे चालू ठेवता येतो. हे ऐकून माणसे आमच्याकडे अशी बघतात की आम्हीच थापा मारतोय.

पण विहार ही त्याची खरी जागा नाही. आम्ही दोन भाऊ किती जणांचे पासबुक उघडणार? नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. तो रविवार आराम करण्यासाठी आणि समाजाचे काम करण्यासाठी होता. कंत्राटदाराने न सांगितलेले निस्तरण्यासाठी नव्हता. कामावर घेताना एक तास, दरवर्षी पासबुकाचा एक दिवस, कंत्राटदार बदलताना पैसे काढण्याऐवजी खाते जोडण्याचा अर्ज, पन्नाशीला कागदांची तपासणी आणि शेवटच्या महिन्यात पेन्शनचा १०-डी फॉर्म कामाच्याच जागी भरून देणे. एवढे पाच मुद्दे प्रत्येक युनियनने मागणीपत्रात पगारवाढीच्या खाली का होईना लिहावेत. आणि आपल्या जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातला एक छोटा वाटा काढून गावात एक शिकलेला पोरगा या कामाला बसवावा. शिकलेल्यांनी मला फसवले असे बाबासाहेब उगीच म्हणाले नव्हते. आम्ही दोघे त्या वाक्यात बसतो, हे २०१९ साली शटलमध्ये कळले.

मागच्या महिन्यात नाना रात्रपाळी संपवून न झोपता विहारात आले. चार तरणी पोरे १०-सी घेऊन बसली होती, कंत्राटदार बदलला म्हणून. आम्ही समजावून सांगत होतो, ती ऐकत नव्हती. एकाला मोटारसायकलचा हप्ता भरायचा होता. नानांनी त्याच्या हातातला कागद घेतला, उलटासुलटा बघितला आणि त्याला विचारले, "वाचता येतं का तुला?"

"येतं की नाना. बारावी झालोय."

"मग वाच. मोठ्यानं वाच. माझ्या पोरांनी मला वाचून दाखवला नव्हता."

पोराने वाचला. अडखळत, पण शेवटपर्यंत. मग घडी करून खिशात ठेवला. त्याने तो नंतर भरला की नाही, आम्हाला माहीत नाही. येत्या रविवारी आला तर विचारू.

जय भीम.